पाण्यावर डोळे, रानात कान

श्रोतेहो, नमस्कार.

थंडी जरा स्थिरावली की पक्षी पाहायला जाणाऱ्यांचे फोन सुरू होतात. यंदा कुठं जायचं, किती जण, गाडी कोणाची. सहसा ठरतं ते असं: शनिवार-रविवारची सुटी, सात-आठ जणांचा गट, बरोबर एक जाणता गाईड, एक दिवस पाणथळ जागा आणि एक दिवस जंगल. आज अशाच एका दोन दिवसांच्या फेरीबद्दल बोलायचं आहे. जागा मी दोन निवडल्या आहेत, नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर आणि ठाणे जिल्ह्यातलं तानसा अभयारण्य. मुंबई-नाशिक रस्त्याच्या आधारानं दोन्ही जोडता येतात, हे एक कारण. खरं कारण वेगळं आहे. या दोन जागा पक्षी पाहणाऱ्याकडून अगदी उलट सवयी मागतात. शनिवारी जे जमतं ते रविवारी उपयोगी पडत नाही, आणि चांगला गाईड नेमका हाच सांधा बदलून देतो.

आधी नांदूर मध्यमेश्वर. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा या नद्यांचा संगम आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं दगडी बंधारा बांधला गेला, शेतीला पाणी मिळावं म्हणून. पुढं नद्यांनी आणलेला गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, मधेमधे बेटं तयार झाली, काठाला पाणवनस्पती माजल्या. पाटबंधाऱ्याच्या हिशेबानं हा तोटाच. पक्ष्यांनी मात्र जागा पसंत केली. 1986 साली ते अभयारण्य झालं आणि जानेवारी 2020 मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेल्याचं जाहीर झालं. महाराष्ट्रातली ती पहिली रामसर पाणथळ जागा. त्यानंतर त्याच वर्षी लोणार आणि 2022 मध्ये ठाणे खाडी.

इथं जायचं तर चापडगावच्या बाजूनं. निरीक्षण मनोरे आहेत आणि आसपासच्या गावांतले तरुण गाईडचं काम करतात. त्यांच्यातल्या अनेकांचं बालपण याच पाण्याच्या काठी गेलेलं असतं, त्यामुळं पुस्तकात नसलेली एक गोष्ट ते येता-जाता सांगतात: आज पाणी किती आहे. ऐकणाऱ्याला ते किरकोळ वाटतं, पण सगळं त्यावरच असतं. वरच्या गंगापूर, दारणा धरणांतून पाणी सोडलं की इथली पातळी चढते आणि चिखल झाकला जातो. चिखल झाकला की तुतवार, शेकाट्ये, पाणलावे अशी काठावर चोच खुपसून खाणारी मंडळी दुसरीकडं जातात. पाणी उतरलं की परत येतात. मागच्या रविवारी मित्राला दिसलेला पक्षी या रविवारी तुम्हाला दिसेलच असं नाही, आणि त्यात तुमच्या नशिबाचा संबंध थोडा, कालव्याच्या आवर्तनाचा जास्त.

मनोऱ्यावर पोचल्यावर पहिली गोष्ट म्हणजे ऊन पाठीशी घ्यायचं. सकाळी पूर्वेकडं पाहिलं तर सगळी बदकं काळी. तेच पक्षी पश्चिमेकडच्या पाण्यात पाहिले की रंग उघडतात. मग दुर्बीण. आठ बाय बेचाळीसची दुर्बीण बहुतेकांना पुरते. आठ म्हणजे आठपट जवळ, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. दहापटीची घेतली तर हात जरा थरथरला तरी चित्र हलतं. शिवाय नव्या माणसाची अडचण भिंगाची नसतेच. पक्षी दिसला की तो नजर खाली घेऊन दुर्बीण शोधतो, डोळ्यांना लावतो आणि पुन्हा पाहतो तर समोर नुसतं पाणी. नजर पक्ष्यावरच ठेवायची आणि दुर्बीण वर आणायची. अर्ध्या तासात हे अंगवळणी पडतं.

आता खरी मजा. पाण्यावर शेकडो काळे ठिपके दिसतात. बहुतेक वारकरी, काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा. नवा माणूस त्यांना ओलांडून दुर्मीळ काहीतरी शोधायला लागतो. गाईड थांबवतो आणि म्हणतो, वारकऱ्यांकडेच बघत राहा. थोड्या वेळानं पाण्यावर पसरलेले वारकरी अचानक एकमेकांकडे सरकायला लागतात, बघता बघता दाट पुंजका होतो, काही पाय मारत पाण्यावरून धावतात. वर पाहावं तर दलदल भोवत्या. तपकिरी, लांब पंखांचा शिकारी पक्षी, पंखांचा इंग्रजी व्ही करून गवतावरून खालून-खालून तरंगत येणारा. तोही थंडीचाच पाहुणा. तो पुंजक्यावर सहसा झेप घेत नाही. एकटा पडलेला, जखमी, उशिरा हलणारा हेरतो. तो पुढं गेला की वारकरी पुन्हा पसरतात. सकाळभरात हे नाटक अनेकदा होतं आणि एकदा कळलं की भोवत्या शोधावा लागत नाही, वारकरीच त्याची वर्दी देतात.

बदकांमध्ये मला थापट्या सगळ्यांत आवडतो. नराचं डोकं गर्द हिरवं, छाती पांढरी, कूस तांबूस. पण नाव पडलं ते चोचीवरून, पुढं रुंद होत गेलेली पसरट चोच. चोचीच्या कडांना आतून बारीक दाते असतात. पाणी तोंडात घ्यायचं, दात्यांतून बाहेर ढकलायचं, आत अडकलेले सूक्ष्म किडे, बिया खायच्या. एकटा थापट्या हे काम करतोच. पण कधीकधी त्यांचा घोळका एकाच जागी गोल गोल पोहताना दिसतो, प्रत्येकाची चोच पुढच्याच्या शेपटीपाशी. त्या फिरण्यानं पाणी ढवळतं, खालचं खाद्य वर येतं आणि पुढच्याच्या मागं ते मागच्याला मिळतं. फोटो काढायच्या नादात हे निसटतं. कॅमेरा बाजूला ठेवून दहा मिनिटं पाहण्यासारखं आहे.

एक सूचना. नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेलात तर बरेचसे नर ओळखू येत नाहीत. विणीचा हंगाम संपला की नर बदकं पिसं टाकतात आणि काही काळ मादीसारखीच मळकट तपकिरी दिसतात. झगझगीत रंग परत यायला वेळ लागतो. म्हणून नवशिक्यांनी डिसेंबर-जानेवारीत जावं.

पट्टकादंबाबद्दल बोललं नाही तर श्रोते रागावतील. राखाडी हंस, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे. मंगोलिया, तिबेटकडं घरटी करतो आणि थंडीत हिमालय ओलांडून आपल्याकडं येतो. उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवून या हंसांचा माग काढला तेव्हा एकाची नोंद 7,290 मीटरवर मिळाली. ते एव्हरेस्टच्या माथ्यावरून उडतात असं खूपदा सांगितलं जातं. मोजलेला आकडा त्याच्या खाली आहे, आणि तो पुरेसा थक्क करणारा आहे. बहुतेक वेळ ते डोंगरउतारांना धरून, कमी उंचीवरूनच जातात, कारण विरळ हवेत पंख मारणं महागात पडतं. हा हंस महाराष्ट्रात भिगवणला, उजनी धरणाच्या फुगवट्यावरही चांगला दिसतो.

शनिवारी दुपारी पक्षी सुस्तावतात. तेवढ्यात निघावं आणि अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचावं. प्रवासाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

रविवारी तानसा. शहापूर तालुक्यातलं पानझडी जंगल, साग, ऐन, खैर. मधोमध तानसा तलाव, मुंबईला पाणी पुरवणारा, एकोणिसाव्या शतकातला. इथं आत जायला वनविभागाची परवानगी लागते, ती आधी काढून ठेवायची.

पहिला अर्धा तास निराशेचा. काल उघड्या पाण्यावर शेकडो पक्षी एका नजरेत मावत होते आणि आज समोर फक्त पानं. लोक दुर्बीण फिरवत राहतात, हाती काही लागत नाही. इथं गाईड म्हणतो, दुर्बीण गळ्यातच राहू द्या. डोळे मिटा. दोन मिनिटं मोजा आणि किती वेगवेगळे आवाज आले ते बोटांवर धरा. पहिल्यांदा तीन-चार येतात. तांबटाचा टुक-टुक सगळ्यांना कळतो. सुताराची ठकठक कळते. मग हळूहळू एक बारीक, कोरडा 'टक्, टक्' आवाज झुडपातून येतो, कोणी खिळ्यानं दगडाला मारावं तसा. तो वटवट्या. दूर उत्तरेतून आलेला, बोटाएवढा, रंगानं अगदी साधा. डोळ्यांनी तो कधीच भेटला नसता.

आणि मग, ऊन झाडांच्या शेंड्यांवरून खाली उतरलं की, रान एकदम बोलायला लागतं. दहा मिनिटांपूर्वी जिथं काही नव्हतं तिथं वीस-पंचवीस पक्षी. याला मिश्र थवा म्हणतात आणि हिवाळी जंगलातली ही सगळ्यांत मोलाची घटना आहे असं माझं मत. निखार शेंड्यावर, सुभग मधल्या पानांत, शिलींध्री खोडावरून डोकं खाली करून उतरते, सुतार सालीला भिडलेला, नाचण शेपटीचा पंखा उघडत खालच्या फांद्यांवर. जागा वाटलेल्या, त्यामुळं भांडण कमी. एकाच्या हालचालीनं उडालेला किडा दुसऱ्याला मिळतो आणि शिकाऱ्यावर नजर ठेवायला डोळे जास्त होतात.

थव्याबरोबर बहुधा कोतवाल असतो, नाहीतर त्याचा मोठा भाऊबंद भृंगराज, शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला पिसांचे झुबके असलेला. शिक्रा दिसला की आरडाओरडा हाच करतो आणि बाकीचे त्याच्या भरवशावर खातात. पण हा गडी सरळ नाही. तो इतर पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतो, शिकारी पक्ष्यांचेसुद्धा. गाईडनं 'तो बघा' म्हणून बोट दाखवलं आणि तिथं भृंगराज निघाला, असं जाणत्यांच्या बाबतीतही होतं. थवा पंधरा-वीस मिनिटांत पुढं सरकतो. त्याच्या मागं धावायचं नाही. त्याची दिशा पाहून वाटेवर पुढं जाऊन उभं राहायचं.

पक्षी दाखवताना 'तो तिकडं, हिरव्या पानामागं' असं म्हणून काही होत नाही. जाणते लोक झाडाचं घड्याळ करतात. 'समोरचा दुबेळक्याचा ऐन, दोन वाजता, खोडापासून हातभर.' शेंडा बारा, बुंधा सहा. गटातल्या सगळ्यांना एकदम दिसतं.

तानशाला जाणाऱ्यांच्या मनात एक नाव असतंच, रानपिंगळा. त्याची कथा ऐकण्यासारखी आहे. हा छोटा घुबडवर्गीय पक्षी फक्त मध्य आणि पश्चिम भारताच्या जंगलांत. खानदेशातून 1884 साली त्याचे नमुने गोळा झाले आणि त्यानंतर तो नाहीसा झाला. 1914 चा एक नमुना संग्रहालयात होता, गुजरातेत मिळाल्याची चिठ्ठी लावलेला, रिचर्ड माइनर्ट्झहागन या संग्राहकाचा. पुढं पामेला रासमुसेन या अभ्यासिकेनं पिसं आणि टाके तपासून दाखवून दिलं की तो नमुना चोरलेला, जुनाच, नव्यानं सजवलेला आहे. म्हणजे गुजरातेत शोधण्यात अर्थ नव्हता. मग तिनं आणि बेन किंग यांच्या तुकडीनं जुन्या खऱ्या नोंदींच्या जागा धरल्या आणि नोव्हेंबर 1997 मध्ये नंदुरबार भागातल्या शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. तब्बल 113 वर्षांनी. नंतर मेळघाटात तो बऱ्यापैकी असल्याचं कळलं आणि 2014 मध्ये थेट तानशात सापडला, मुंबईपासून इतक्या जवळ.

आपल्या नेहमीच्या पिंगळ्याशी त्याचा घोटाळा होतो. पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं. तो दिवसाउजेडी शिकार करतो, थंडीच्या सकाळी उघड्या फांदीवर ऊन खात बसतो आणि शेपटी झटक्यानं आडवी हलवतो.

इथं गाईडची खरी परीक्षा होते. गटातला कोणीतरी म्हणतोच, मोबाइलवर त्याचा आवाज वाजवा ना, येईल बाहेर. येतोही. कारण त्याला वाटतं, आपल्या हद्दीत परका नर घुसलाय. तो खाणं सोडून, घरटं असलं तर ते सोडून भांडायला येतो. आठवड्याला दोन गट आले आणि दोघांनीही वाजवलं, तर त्या जोडीचं काय होत असेल? जो गाईड 'नाही' म्हणतो त्याच्याबरोबर जा. पक्षी दिसला नाही म्हणून पैसे परत मागणाऱ्या गटाबरोबर जाऊ नका.

आवाज ऐकून नाव सुचवणारी ॲप आता आहेत, मर्लिन त्यातलं एक. वाईट नाहीत. पण रानात उभं राहून पडद्याकडं पाहण्यापेक्षा आवाज ध्वनिमुद्रित करावा आणि संध्याकाळी पडताळावा. यादी ई-बर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर टाकलीत तर ती अभ्यासकांनाही उपयोगी पडते. पिंगळा दिसला की रानपिंगळा, अशी शंका असेल तर सरळ 'घुबड' लिहून सोडून द्या.

यंदा जायचं ठरवत असाल तर दरवर्षी जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, 1987 पासून. पक्षीमित्रांचे गट त्यात भाग घेतात आणि त्यांना मोजायला माणसं लागतातच. पहिल्या फेरीत तुम्हाला वहीच धरायला देतील, जाणत्याच्या शेजारी उभं राहून. नकार देऊ नका. आणि रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पाहायचे असतील तर नांदूरच्या भरवशावर राहू नका; उजनीचं पाणी उतरायला लागलं की, फेब्रुवारी-मार्चला, भिगवणकडं जा.

नमस्कार.