बिअरच्या जत्रेमागचं शेतकी मंडळ

नमस्कार मंडळी! आपला पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा आठवा. किंमत वर्षानुवर्षं पाचच, पण पुडा दरवेळी थोडं अंग चोरतो. आता हेच १८१७ सालच्या जर्मनीत. एका क्रॉयत्सरला, म्हणजे तिथल्या चिल्लर नाण्याला मिळणारा पाव बारका होत होत इतका बारका झाला, की काही लोकांनी तो खाल्लाच नाही, जपून ठेवला, पुढं पोरांना दाखवायला की बाबांनो असेही दिवस काढलेत आम्ही. दक्षिण जर्मनीतल्या काही म्युझियममध्ये ते पाव आजही काचेच्या पेटीत आहेत, पार दगड झालेले.

आजची गोष्ट त्या पावापासून सुरू होते आणि बिअरच्या तंबूत जाते. मध्ये आहे एक शेतकी मंडळ, ज्याचं नाव आज तिथं रस्त्यावरच्या माणसाला विचारलं तर बहुतेक डोकं खाजवेल.

तर झालं असं. एप्रिल १८१५, इंडोनेशियातल्या सुंबावा बेटावर तांबोरा नावाचा ज्वालामुखी फुटला. साधासुधा नाही, ४३०० मीटरच्या आसपासचा डोंगर फुटून २८५० मीटरचा उरला. गंधकाचा धूर इतका वर गेला की पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा आलाच नाही. जून-जुलैत थंडी, पाऊस थांबायचं नाव नाही, गारा, उभं पीक शेतातच कुजलं. आणि गंमत बघा, हे कशामुळं होतंय ते तिथं एकाही माणसाला माहीत नव्हतं, ज्वालामुखीशी संबंध शास्त्रज्ञांनी जोडला तो शंभर वर्षांनी, १९२० च्या सुमाराला. तोवर बिचारे देवाचा कोप म्हणून प्रार्थना करत बसलेले.

सगळ्यात वाईट मार बसला त्या भागांपैकी एक म्हणजे व्युर्टेंबर्ग, दक्षिण जर्मनीतलं एक राज्य. राजधानी स्टुटगार्ट. (हो तेच गाड्यांवालं स्टुटगार्ट, आणि आपल्या मुंबईचं जुळं शहर, १९६८ पासून.) तिथं ऑक्टोबर १८१६ मध्ये नवा राजा गादीवर आला, पहिला विल्हेल्म. त्याचा बाप फ्रीडरिश म्हणजे अवाढव्य माणूस, शिकारीचा भयंकर शौकीन, शाही प्राणिसंग्रहालय वगैरे थाट. पोरानं आल्या आल्या ते प्राणिसंग्रहालयच बंद केलं, माणसांना खायला नाही तिथं हत्ती कुठून पोसणार. त्याची राणी कॅथरीना, रशियाच्या झारची सख्खी बहीण, आणि बाई कामाला वाघ! गरिबांसाठी मदतीचं मंडळ, १८१८ मध्ये बचत बँक, मुलींची शाळा, सगळं दोन-सव्वादोन वर्षांत उभं केलं आणि जानेवारी १८१९ मध्ये गेली पण, अवघी तीस वर्षांची.

आता जरा थांबा, कारण मला या गोष्टीतला सगळ्यात भारी प्रसंग इथं सांगायचाय. १८१७ च्या वसंतात लोक हजारोंनी देश सोडून चालले होते. कुणी अमेरिकेला, कुणी थेट रशियात कॉकेशसकडं. सरकारला प्रश्न पडला की हे का चाललेत? म्हणून एका तरुण अधिकाऱ्याला पाठवलं, फ्रीडरिश लिस्ट, हाच पुढं मोठा अर्थतज्ज्ञ झाला. लिस्ट एप्रिलच्या शेवटी हाइलब्रॉन भागात गेला आणि बाडबिस्तारा बांधून निघालेल्या लोकांना एकेकाला विचारत सुटला, का रे बाबा चाललास? त्याला वाटलं असेल भूक म्हणतील. भूक होतीच, पण लोकांनी पाढा वाचला तो कराचा, कारकुनांच्या छळाचा, वरच्या साहेबांच्या दादागिरीचा. वाइन्सबर्गचा (त्याच भागातलं एक गाव) नागरिक म्हणून जगण्यापेक्षा अमेरिकेत गुलाम झालेलं परवडलं, या अर्थाचं बोलले लोक. हे लक्षात ठेवा, आपण परत याच्याकडं येणारोत.

सरकारनं मात्र उपाय काढला तो शेती सुधारायचा. त्याच १८१७ साली राजाराणीनं शेतकी मंडळ काढलं आणि त्याचं मुख्य ऑफिस स्टुटगार्टला. कल्पना अशी की चांगलं बी, चांगली जनावरं, चांगली अवजारं कुठली ते शोधायचं, करून बघायचं, आणि गावोगाव पोचवायचं. ऐकायला छान! पण अडचण तीच जी आजही आहे, कागदावरची माहिती शेतकऱ्यापर्यंत जाणार कशी? रिपोर्ट काढला तर तो पाद्री आणि मास्तर वाचणार.

मग जत्रा! २८ सप्टेंबर १८१८, राजाच्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, स्टुटगार्टला लागून असलेल्या कानस्टाट गावी नेकार नदीच्या काठच्या मैदानात. उत्तम जनावराला बक्षीस, घोड्यांच्या शर्यती, आणि मधोमध एक उंच खांब, फळं-भाज्या-धान्यानं मढवलेला, दरबारचा आर्किटेक्ट थूरे यानं डिझाइन केलेला. विचार करा, वर्षभरापूर्वी पाव जपून ठेवणारे लोक, आणि समोर हा धान्याचा खांब. मला वाटतं त्या दिवसाचं सगळं भाषण त्या खांबानंच केलं असणार. (आयडिया पूर्ण ओरिजिनल नव्हती हां. शेजारच्या बव्हेरियात १८१० ला राजपुत्राच्या लग्नानिमित्त घोड्यांची शर्यत झाली, १८११ ला तिथल्या शेतकी मंडळानं तिला जनावरांचं प्रदर्शन जोडलं, आणि तेच आजचं बिअरसाठी प्रसिद्ध ऑक्टोबरफेस्ट.)

जत्रा एका बाजूला, शाळा दुसऱ्या बाजूला. २० नोव्हेंबर १८१८ ला स्टुटगार्टजवळच्या होहेनहाइमच्या रिकाम्या राजवाड्यात शेतकी शिक्षणसंस्था सुरू झाली. प्रमुख कोण तर योहान नेपोमुक श्वेर्त्स, मूळचा कोब्लेंझचा, आयुष्यातली बरीच वर्षं श्रीमंतांच्या घरी पोरांना शिकवणारा मास्तर, साठीला टेकलेला! पण बेल्जियममध्ये राहून त्यानं तिथली शेती बारकाईनं बघितलेली. तिथून त्यानं जे आणलं ते म्हणजे नांगर. जुना नांगर जड, पुढं चाकांचा गाडा, ओढायला जनावरं जास्त. बेल्जियमच्या नांगराला चाकांऐवजी पुढं नुसता एक पाय, आणि फाळामागं वळणदार पत्रा, म्हणजे कापलेली माती त्या वळणावरून सरकत जाते आणि आपसूक उलटी पडते, जोर कमी लागतो. होहेनहाइमला १८१९ मध्ये अवजारांचा कारखानाच काढला त्यांनी, आणि हा नांगर ‘होहेनहाइमचा नांगर’ म्हणूनच ओळखला जायला लागला. (किर्लोस्करांच्या नांगराची आठवण झाली ना? तो वेगळा व्हिडिओ करू, प्रॉमिस.)

आता लोक राजाला म्हणायला लागले, राजांमधला शेतकरी आणि शेतकऱ्यांमधला राजा. मस्तच. इथं व्हिडिओ संपवला असता तर एकदम गोडगोड गोष्ट झाली असती.

पण परत लिस्टकडं या. लोक काय म्हणाले होते? कर, कारकून. त्यात अजून एक दुखणं, व्युर्टेंबर्गच्या बऱ्याच भागात बाप गेला की जमीन सगळ्या पोरांत सारखी वाटायची रीत. हे तर आपल्याला समजवायला नको, आमच्याच घरी आजोबांच्या आठ एकरांचं माझ्या वाट्याला येईपर्यंत काय झालं ते मी कॅमेऱ्यासमोर बोलत नाही, चुलतभाऊ पण चॅनल बघतात. पट्टा-पट्टा जमीन, त्यावर कितीही भारी नांगर आणा, वळवायलाच जागा नाही! मंडळ नांगराचं वळण सुधारत होतं आणि शेताचे तुकडे पडत होते. माझ्या मते मंडळाची खरी मर्यादा हीच, वरून दिसणारी शेती त्यांनी सुधारली, शेतकऱ्यानं सांगितलेलं गाऱ्हाणं तिथंच राहिलं.

मग १८४०च्या दशकात बटाट्यावर रोग आला, धान्याचंही पीक गेलं, भाव भडकले. मे १८४७ च्या पहिल्याच आठवड्यात उल्म आणि स्टुटगार्टमध्ये भाकरीसाठी दंगे झाले. त्याच स्टुटगार्टमध्ये, त्याच राजाच्या राज्यात, जत्रा सुरू झाल्याला तीस वर्षंही झाली नव्हती. आणि १८५०च्या दशकात लोक परत जहाजं पकडायला लागले.

बरं, आज काय उरलंय? होहेनहाइमचं विद्यापीठ झालंय आणि वर्ग अजून त्याच राजवाड्यात भरतात, तिथं शेतीचं एक म्युझियमही आहे. जत्रा तर जर्मनीतल्या सगळ्यात मोठ्या जत्रांपैकी एक, बिअरचे तंबू, जायंट व्हील, सगळा राडा. सप्टेंबरच्या शेवटी स्टुटगार्टला गेलात तर मैदानात साधारण २६ मीटर उंचीचा तो फळा-धान्याचा खांब दिसेल, लोक त्याच्याखाली भेटायचं ठरवतात, जसं आपण स्टेशनच्या घड्याळाखाली. आणि दर चार वर्षांनी त्याच मैदानाच्या एका भागात शेतकी प्रदर्शन पण लागतं, गाई, ट्रॅक्टर, सगळं. गेलात तर आधी तिकडं जा हां, बिअर नंतर, कारण उलटं केलं की गाईंपर्यंत कुणी पोचत नाही.