आधी लूप, मग खोदकाम

नमस्कार श्रोतेहो. नागपुरात सीताबर्डीहून बुटीबोरीकडे जाणारी एखादी डेटा लाइन बंद पडली, की पहिला संशय रस्त्यातल्या केबलवर जातो. कुठे तरी जेसीबी लागला असेल म्हणत माणसं गाडी काढतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, गाडी काढण्याआधी लूप टाका.

लूप म्हणजे पाठवलेला सिग्नल पाठवणाऱ्याकडेच परत वळवणं. फायबरच्या, म्हणजे उजेड वाहणाऱ्या काचेच्या धाग्यांच्या, जोडीत एका धाग्यातून सिग्नल जातो, दुसऱ्यातून येतो. आपल्या उपकरणाची ही दोन तोंडं छोट्या पॅच कॉर्डने जोडली, की गेलेलं सगळं परत यायला हवं. नाही आलं, तर बिघाड आपल्याच खोलीत आहे. आलं, तर लूप पुढच्या टप्प्यावर न्यायचा, मग त्याच्याही पुढे. जिथून सिग्नल परत येईनासा होतो, त्याच्या लगेच अलीकडच्या टुकड्यात बिघाड असतो. मात्र लांब पल्ल्याच्या लेझरला थेट लूप देऊ नका. मधे अॅटेन्युएटर, म्हणजे उजेड कमी करणारा जोड, घाला, नाही तर जास्तीच्या उजेडाने रिसीव्हर जातो.

नुसता हिरवा दिवा पाहून लाइन सोडणं मला पटत नाही. दोन मेगाबिटची लाइन सेकंदाला 20 लाख 48 हजार बिट वाहते. लाइनला लावलेला चाचणीचा मीटर ठरलेल्या नमुन्याचे बिट सोडतो, परत आलेले ताडून पाहतो आणि चुकलेला एकेक मोजतो. ही चाचणी पूर्ण दिवस-रात्र चालू द्यावी. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, रस्त्याकडेच्या पत्र्याच्या पेट्या भट्टीसारख्या तापतात. सकाळी स्वच्छ दिसलेली लाइन दुपारी दोनला चुका दाखवू शकते, आणि गिऱ्हाइकाची तक्रारही नेमकी त्याच वेळची असते.

एक मर्यादा लक्षात ठेवा. लूपमध्ये चुका आल्या, तरी त्या जाताना झाल्या की येताना, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी दोन्ही टोकांना मीटर लावून एकेक दिशा वेगळी तपासावी लागते.

आणि लूप टाकला, की वहीत वेळ आणि जागा लिहा. काढला, की पुन्हा लिहा. इथरनेटच्या, म्हणजे ऑफिसातले कॉम्प्युटर जोडणाऱ्या, जाळ्यात विसरलेला एक लूप तेच ते निरोप गरगर फिरवत राहतो आणि काही क्षणांत सगळं ऑफिस ठप्प होतं.