वर्गात अचानक धाप लागते तेव्हा : पॅनिक अटॅक आणि शाळा

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या गावच्या शाळेत दहावीची गणिताची चाचणी सुरू आहे, आणि एका मुलीची छाती एकाएकी धडधडू लागते, श्वास पुरत नाही, बोटांना मुंग्या येतात आणि आपण आता मरणार असे तिला वाटते, अशी कल्पना करा. कोणी कांदा फोडून हुंगवतो, कोणी तोंडावर पाणी मारतो, सारा वर्ग भोवती गोळा होतो, आणि संध्याकाळपर्यंत ‘पोरीला बाहेरचं झालं’ ही बातमी गावभर पोहोचलेली असते.

खरे तर तिच्या शरीराने संकट नसताना संकटाचा इशारा दिलेला असतो. अ‍ॅड्रेनालिन हे भीतीच्या वेळी स्रवणारे संप्रेरक वाढते, हृदय वेगाने चालते, श्वास भराभर होतो. त्या भराभर श्वासामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून चक्कर आणि मुंग्या येतात, आणि त्या जाणवल्या की भीती आणखी वाढते. यालाच पॅनिक अटॅक म्हणतात. हा झटका बहुधा दहा मिनिटांच्या आत टोकाला पोहोचतो आणि नंतर आपोआप ओसरू लागतो.

मात्र पहिल्यांदा असा त्रास झाला, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी, कारण रक्तक्षय, थायरॉइड आणि दमा यांतही अशी लक्षणे दिसतात. विदर्भात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे : सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलाच्या छातीत दुखून धाप लागली, तर ती भीती समजून थांबू नये, त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

झटका सुरू असताना गर्दी हटवून एकाच शिक्षकाने जवळ बसावे, श्वास हळूहळू आणि लांब सोडायला सांगावे, आणि हाताखालचा बाक कसा लागतो, खिडकीबाहेर काय दिसते, असे साधे प्रश्न विचारावेत. तोंडावर कागदी पिशवी धरू नये. ‘नाटक करू नकोस’ हे वाक्य तर कोणीही उच्चारू नये.

खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. शाळा घाबरून निरोप धाडते, वडील सोयाबीनची कापणी सोडून येतात, मुलगी घरी जाते आणि तिला लगेच बरे वाटते. पण त्यातून तिचे मन एवढेच शिकते की वर्ग धोक्याचा आहे आणि घर सुरक्षित आहे. मग चाचणीच्या दिवशी पोट दुखते, नंतर एसटीच्या गर्दीचीही धास्ती वाटू लागते, आणि पाहता पाहता हजेरी तुटते. हे सगळे मायेपोटी घडते, म्हणून ते थांबवणे अधिक अवघड असते. त्यामुळे तपासणीत दुसरा आजार निघाला नसेल, तर मुलीशी आधी बोलून ठरवावे : तिची जागा दाराजवळ असेल, त्रास वाटला तर ती न विचारता व्हरांड्यात जाईल, आणि थोडे सावरल्यावर त्याच तासाला परत येऊन बसेल.

घरानेही एक गोष्ट पाहावी. कर्जाची आणि पावसाची रात्रीची बोलणी मुलांना कळत नाहीत, असे मोठ्यांना वाटते. ती सगळी ऐकतात.

झटके वारंवार येत असतील, तर समुपदेशनाचा चांगला उपयोग होतो. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून सुरू आहे आणि त्याखाली शासकीय रुग्णालयांत मैत्री क्लिनिक चालवली जातात. टेलि-मानस या शासनाच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून तो चोवीस तास विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते. फोन लावून दिल्यावर मोठ्यांनी बाजूला व्हावे, मुलाला स्वतः बोलू द्यावे. ‘जगावेसे वाटत नाही’ असे मूल एकदा जरी म्हणाले, तरी पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत थांबू नका. त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे घेऊन जा.