नवी बचाव गाडी

श्रोतेहो, नमस्कार.

अग्निशमन दलाची नवी अवजड बचाव गाडी आपण रस्त्यावर पाहिली असेल. आग विझवायला बंब आहेतच; ही गाडी अडकलेल्या माणसाला सोडवण्यासाठी आहे.

एक प्रसंग सांगतो. ऊसतोडीचा हंगाम होता. मांजरसुंबा घाटाच्या अलीकडे रात्री उसाच्या ट्रॉलीवर मागून टेम्पो आदळला आणि चालकाचे दोन्ही पाय स्टिअरिंगखाली चेपले गेले. मी मागच्या एसटीत होतो. वस्तीवरची माणसे पहारी घेऊन धावली. काहींनी तर टेम्पोचे तोंड ओढण्यासाठी ट्रॅक्टरला साखळी बांधली. बऱ्याच वेळाने दलाचे जवान पोचले. त्यांच्या प्रमुखाने आधी ट्रॅक्टर थांबवला, चाकांखाली ठोकळे सरकवले, बॅटरीची तार काढायला लावली, आणि एका तरुण जवानाला चालकाचे डोके दोन्ही हातांनी स्थिर धरायला सांगितले. मग स्प्रेडरची, म्हणजे फट फाकवणाऱ्या यंत्राची, मिटलेली चोच दाराच्या फटीत शिरली, पंप सुरू झाला, आणि पहारीला न जुमानणारे दार बिजागरीपासून चरचरत सुटले. चालक सारखा विचारत होता, "पाय हायेत का, भाऊ?" आणि तो जवान दर वेळी सांगत होता, "हायेत दादा, माझ्याकडं बघा." मागे रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली कारखान्याने वजनकाट्यावर घेऊच नये, असे माझे तेव्हापासून ठाम मत आहे.

नव्या गाडीत स्प्रेडर आहे, पत्रा कापणारा कटर आहे, काँक्रीटची करवत आहे, हवा भरताच टनावारी भार उचलणाऱ्या चपट्या पिशव्या आहेत, विहिरीवर उभी करायची तिपाई आहे, जनरेटर आणि उंच दिवे आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपाने दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदे कोसळली, तेव्हा गावकऱ्यांना ढिगारे हातांनी आणि टिकाव-फावड्यांनी उपसावे लागले, हे आपल्यातील अनेकांनी पाहिले आहे.

अडकलेल्या माणसाला ओढू नका. पुन्हा सांगतो, ओढू नका. फार वेळ चेपलेला पाय अचानक मोकळा झाला, तर तिथे साठलेली विषारी द्रव्ये रक्तात मिसळून जीव धोक्यात येतो. म्हणून डॉक्टर किंवा रुग्णवाहिका आधी हवी. आग नसली तरी १०१ किंवा ११२ लावा, आणि "माणूस अडकला आहे" हे पहिल्याच वाक्यात सांगा, म्हणजे बंबासोबत ही गाडीही निघेल.