गोळी कुणाच्या शिवारात पडते?

(जळगाव इथे सरपंच व ग्रामसेवकांपुढे झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, 2024 साली पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर रायफल नेमबाजीत कांस्यपदक घेतलं. आपल्याकडच्या पोरांनाही रायफल धरावीशी वाटली तर माझी काही ना नाही. पण उद्या उघड्या रेंजसाठी, म्हणजे नेमबाजीच्या मैदानासाठी, ना-हरकत दाखला मागायला कुणी आलं, तर अर्जात काय बघाल?

एअर रायफलचं सोडा, ती 10 मीटरवर, चार भिंतींत चालते. प्रश्न पॉइंट टू-टूचा, म्हणजे .22 बोअरच्या खऱ्या गोळीच्या रायफलचा आहे. निशाण 50 मीटरवर असतं, पण वर सुटलेली गोळी दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. आणि अर्जाला सातबारा जोडलेला असतो दोन-तीन एकरांचा! पुढच्या गटांतल्या शेतकऱ्यांना कुणी विचारलेलंच नसतं. शस्त्र अधिनियम 1959 आणि शस्त्र नियम 2016 यांखालचा परवाना वरून येईल, पोलीस चौकशीही होईल. पण कपाशी वेचायला बाया कुठल्या बांधावरून जातात, सालदार दुपारी कुठे पडतो, हे तुम्हालाच ठाऊक. म्हणून अट घाला: गोळी जाऊ शकेल तेवढी सगळी जमीन अर्जदाराच्या ताब्यात हवी, नाहीतर गोळी बाहेर जाणारच नाही असं बांधकाम हवं.

असं बांधकाम होऊ शकतं. नेमबाजाच्या पुढे, डोक्यावर आडव्या फळ्या अशा लावायच्या की त्याच्या जागेवरून आभाळ दिसताच कामा नये. तपासणी मात्र तिन्ही पवित्र्यांत करा: झोपून, गुडघ्यावर आणि उभं राहून. साहेब उभ्या-उभ्या बघतात नि सही करतात. झोपलेल्याची नळी तर खालून वर बघत असते.

डोळ्यांवर ऊन नको म्हणून रेंजचं तोंड शक्यतो उत्तरेला ठेवतात. यावल-रावेरकडे उत्तरेला सातपुडा आहे, म्हणून लोक म्हणतात, ‘डोंगर आहे ना, अडवेल की.’ अहो, त्या डोंगरात तडवी-पावरांचे पाडे आहेत, गुरं चरतात, माणसं सरपणाला जातात. शिवाय दगडावर आपटलेली गोळी कुठल्या दिशेला उसळेल याचा भरवसा नाही. निशाणामागे गोळी अडवणारा बांध मातीचाच हवा आणि समोरच्या अंगाचे दगड वेचून काढलेले हवेत.

मातीतही आपली काळी माती नाठाळ. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात खचते. जूनमध्ये मापात असलेला बांध पोळ्यापर्यंत किती बसला, ते टेप लावून बघा आणि कमी भरला तर डागडुजी होईपर्यंत रेंज बंद ठेवा. धोक्याचा तांबडा बावटा, वेळेचा फलक, कुंपण हे तर लागेलच, त्यावर जास्त बोलत नाही.

राहिलं शिसं. गोळ्यांचं शिसं बांधात साठत जातं, पावसाबरोबर नाल्याला लागू शकतं. ते ठरावीक मुदतीनं काढायचा खर्च रेंज चालवणाऱ्या क्लबचा, असं दाखल्यातच लिहा आणि अनामत आधी घ्या. रेंज बंद पडल्यावर क्लबवाल्यांचा फोन लागत नसतो.