सोळावा आकडा

(दादरमध्ये झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'मोठे पूर्णांक आणि त्यांची रूपांतरं'. त्याच्याकडे येतोच. पण आधी एका ताईंची हकीकत सांगू द्या, कारण हा विषय मी त्यांच्यासाठीच घेतलाय.

गिरणगावातली एक पतपेढी. सभासद बहुतेक जुन्या गिरणी कामगारांच्या घरचे. दिवाळीआधी लाभांश थेट बँकेत जमा करायचं ठरलं. हिशेब बघणाऱ्या ताईंनी दोनशेच्या वर पासबुकं समोर ठेवून सोळा अंकी खाते क्रमांक कॉम्प्युटरवरच्या शीटमध्ये भरले. रकान्यात क्रमांकाऐवजी 'ई प्लस पंधरा' असं काहीतरी दिसायला लागलं, म्हणून त्यांनी फॉरमॅट बदलून 'नंबर' केलं. सोळाच्या सोळा आकडे दिसले. यादी बँकेत गेली. तिसऱ्या दिवशी जवळजवळ सगळे पैसे परत. शेरा एकच, 'असं खातं नाही'. वीसेक जणांचे तेवढे पोचले.

कमिटीच्या सभेत सगळ्यांसमोर विचारलं गेलं, "ताई, चष्म्याचा नंबर वाढलाय का?" हसू नका. वीस वर्षांत एका पैशाचा फरक न काढलेली बाई आहे ती. त्या पासबुकांचा गठ्ठा उचलून माझ्या खोलीवर आल्या, मी त्याच चाळीत वरच्या मजल्यावर. त्या पासबुकातून वाचत होत्या, मी शीट बघत होतो. पंधरा आकडे बरोबर, सोळावा शून्य. दुसरं पासबुक. पंधरा बरोबर, सोळावा शून्य. आणि ज्यांचे पैसे पोचले होते, त्यांच्या क्रमांकाच्या शेवटी मुळातच शून्य होतं! रात्रीचा दीड वाजला होता. ताई म्हणाल्या, "म्हणजे मी बरोबरच लिहिलं होतं." बरोबरच लिहिलं होतं. कमिटीनं त्यांची माफी अजून मागितलेली नाही, आणि त्याचा राग माझ्या मनातून जात नाही.

आता माझं आवडतं म्हणणं. बोलताना आपण दोन्हीकडे 'नंबर' वापरतो, पण आपल्या भाषेत शब्द दोन आहेत, संख्या आणि क्रमांक. संख्या मोजायला, क्रमांक ओळखायला. चौदा नंबरची खोली अधिक पंधरा नंबरची खोली म्हणजे एकोणतीस नंबरची खोली होत नाही. खाते क्रमांकांची बेरीज कोणी करत नाही, सरासरी काढत नाही. मग तो मोजण्याच्या डब्यात का भरायचा? नुसता मजकूर म्हणून ठेवा. शाळेत हजेरी घेताना बाई 'क्रमांक सात' म्हणायच्या, ते किती नेमकं होतं!

चिठ्ठी आली. सात मिनिटं. बरं, भराभर सांगतो.

शीट संख्या ठेवते ती 'डबल' नावाच्या डब्यात, हा दशांश संख्यांचा डबा. 1985 च्या आयईईई 754 मानकाप्रमाणे, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये अशा संख्या कशा ठेवायच्या त्या नियमाप्रमाणे, तो असतो 64 बिटचा, म्हणजे शून्य किंवा एक लिहायच्या 64 जागांचा. जावा या प्रोग्रामिंग भाषेतला 'लाँग' पूर्णांकही 64 बिटचाच. म्हणून वाटतं, मावेल. पण डबलमध्ये एक बिट चिन्हाचा, आणि घातांकानं, म्हणजे संख्येचा आवाका सांगणाऱ्या भागानं, 11 जागांवर आधीच रुमाल टाकलाय. उरले 52, न लिहिता धरलेला एक मिळून 53. दोनाचा 53 वा घात म्हणजे 9007199254740992. इथपर्यंत गाडी धीमी, प्रत्येक पूर्णांकावर थांबते. पुढे एकाआड एक स्टेशन, दोनाच्या 54 व्या घातापुढे चारातलं एक. 9007199254740993 वर उतरायला गेलात तर ती तुम्हाला 992 वर सोडते. माटुंगा रोड मागितलं, दादरला उतरवलं, आणि तिकिटावरही दादरच छापलं. चूक झाल्याचं कुणी सांगत नाही. जावामध्ये लाँगचं डबल करताना कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचं भाषांतर करणारा, कास्टसुद्धा, म्हणजे 'हो, बदल' असं लेखी सांगणंसुद्धा, मागत नाही. 'फ्लोट' या डबलच्या धाकट्या भावाला तर 24 च बिट, तिथे 16777217 चं 16777216 होतं.

कुठलीही पंधरा अंकी संख्या डबलमधून जशीच्या तशी परत येते, सोळा अंकी सगळ्या येत नाहीत. म्हणून शीट पंधराव्या अंकानंतर शून्य भरते. ताईंचा सोळावा आकडा तिथे गेला. आधार बारा अंकी, मोबाइल दहा अंकी, ते डबलमध्ये शाबूत राहतात.

1996 साली एरियान 5 रॉकेटमध्ये 64 बिटच्या फ्लोटिंग, म्हणजे दशांश, संख्येचं 16 बिटच्या पूर्णांकात रूपांतर फसलं आणि उड्डाणानंतर मिनिटभराच्या आत ते नष्ट झालं. तिथे संख्या डब्यात मावलीच नाही आणि त्रुटी उठली. आपल्याकडे त्रुटी उठत नाही, हे मला जास्त भयंकर वाटतं. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेतली साधी संख्या डबलच असते, म्हणून ट्विटरनं 2010 मध्ये ट्वीटचे क्रमांक मजकूर म्हणूनही पाठवायला सुरुवात केली. तुमच्या डेटाबेसमधला 64 बिटचा आयडी ब्राउझरकडे जात असेल, तर उद्याच तपासा.

आणि एकदा गेलेला आकडा नंतर फॉरमॅट 'टेक्स्ट' करून परत येत नाही. रकाना आधी टेक्स्ट करायचा, मग क्रमांक भरायचा. आमच्या ताई आता प्रत्येक खाते क्रमांकाआधी एकेरी अवतरणचिन्ह टाकतात, आणि पतपेढीत नवीन लागलेल्या मुलीला पहिल्या दिवशी तेच शिकवलं.