सिगरेटवरचा कर, तंबाखूबंदी आणि माझा विरोध नेमका कशाला

नमस्कार मंडळी. २०२६ च्या एक फेब्रुवारीपासून सिगरेटचे भाव चढले आणि तेव्हापासून माझ्या प्रत्येक व्हिडिओखाली, मग तो घरपट्टीचा असो नाहीतर वीजबिलाचा, एकच प्रश्न येतोय. ताई, तुम्ही या कराच्या विरोधात का बोलता? काहींनी नीट विचारलंय. काहींनी लिहिलंय, कंपनीकडून किती मिळाले? एक रुपया मिळालेला नाही. मी सिगरेट ओढत नाही, आमच्या घरात आता कोणीच ओढत नाही, आणि तंबाखूनं माणूस मरतो याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. माझी शंका ‘हा कर आरोग्यासाठी आहे’ या दाव्याबद्दल आहे, ती आज सविस्तर सांगते.

कायदा पटकन उरकते, तो बहुतेकांना माहीत आहे. २००१ मध्ये काँग्रेस नेते मुरली देवरांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टानं सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान बंद करायला सांगितलं. २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा आला, त्याला सगळे कोटपा म्हणतात. २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे कडक नियम लागू झाले. दंड २०० रुपयांपर्यंत. अठरा वर्षांखालच्या मुलाला विकायचं नाही, शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत विकायचं नाही. २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर ते भयंकर चित्र. झालं.

कराचं एवढं लक्षात ठेवा. २०१७ पासून सिगरेटवर २८ टक्के जीएसटी आणि वर भरपाई उपकर होता, म्हणजे जीएसटीमुळे राज्यांचं होणारं नुकसान भरून द्यायला घेतलेला जादा कर. १ फेब्रुवारी २०२६ पासून उपकर गेला, जीएसटी ४० टक्के झाला, आणि लांबीप्रमाणे एक हजार सिगरेटींमागे २,०५० ते ८,५०० रुपये उत्पादन शुल्क आलं. म्हणजे एका सिगरेटमागे नुसतं शुल्कच दोन रुपये पाच पैशांपासून साडेआठ रुपयांपर्यंत.

आता माझी बाजू. बंद जागेतली बंदी मला शंभर टक्के मान्य आहे. हॉटेलात, बसमध्ये, दवाखान्यात, ऑफिसात तुमचा धूर माझ्या मुलाच्या छातीत जातो, आणि तिथं सरकारनं मध्ये पडलंच पाहिजे. धूम्रपानबंदीच्या विरोधात बोलणारे जे लोक ‘माझं शरीर, माझी मर्जी’ म्हणतात त्यांना मी इथंच थांबवते. वेटरच्या शरीराचं काय? तो आठ-दहा तास त्याच धुरात उभा असतो.

पण याच नियमांत तीस किंवा जास्त खोल्यांच्या हॉटेलला, तीस किंवा जास्त जणांची बसायची सोय असलेल्या रेस्टॉरंटला आणि विमानतळाला धूम्रपानाची वेगळी खोली करायची सवलत आहे. आमच्या इंदूरच्या विजयनगरमधल्या मोठ्या हॉटेलात साहेब थंडगार खोलीत बसून ओढू शकतो. सरवटे बसस्टँडवर हमाल उघड्या आभाळाखाली बिडी पेटवतो, त्याला दंड, कारण बसस्टँड नियमांत सार्वजनिक जागा म्हणून लिहिलेलं आहे. बसस्टँडवर बंदी नको असं मी म्हणत नाहीये, तिथंही गर्दी असते. नियम दोघांना सारखा असावा, एवढंच.

बरं, आता मुख्य मुद्द्यावर येते. यावर मी थोडी तापणार आहे, कारण दर दुसऱ्या कॉमेंटमध्ये हेच वाक्य असतं: ‘सिगरेट ओढणारे आजारी पडतात, दवाखान्याचा खर्च वाढवतात, म्हणून त्यांच्याकडून कर घेतात आणि तो पैसा उपचारावर जातो.’

नाही जात. नीट ऐका. २०२० मध्ये कोरोना आला, जीएसटीची वसुली पडली, आणि राज्यांना ठरलेली भरपाई द्यायला केंद्राकडे पैसा नव्हता. म्हणून केंद्रानं कर्ज काढलं. पहिल्या वर्षी १ लाख १० हजार कोटी, दुसऱ्या वर्षी १ लाख ५९ हजार कोटी. भरपाई उपकर खरं तर जून २०२२ मध्ये संपायचा होता, तो हे कर्ज फेडण्यासाठी वाढवला. २२ सप्टेंबर २०२५ ला मोटारींवरचा उपकर सुटला, कोला पेयांवरचा सुटला. तंबाखूवरचा मागे ठेवला, कारण कर्जाचे हप्ते राहिले होते. म्हणजे साडेतीन वर्षं आपल्या गल्लीतला सिगरेट ओढणारा जीएसटीचं कर्ज फेडत होता. त्याच्या फुफ्फुसाचा त्या पैशाशी काही संबंध नव्हता. आता आलेलं उत्पादन शुल्कही सरकारच्या संचित निधीतच, म्हणजे सगळ्या खर्चाच्या एकाच तिजोरीत जातं. एमवाय या आमच्या सरकारी दवाखान्याच्या कॅन्सर वॉर्डाच्या नावाची वेगळी पेटी तिथं नाही.

दुसऱ्या बाजूनं बघा. बिडी. बिडी सिगरेटपेक्षा सौम्य नाही, कुठल्याही छातीच्या डॉक्टरला विचारा. आणि आपल्या देशात सिगरेटपेक्षा बिडी ओढणारे जास्त आहेत. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत प्रौढांपैकी सिगरेट ओढणारे ४ टक्के, बिडी ओढणारे ७.७ टक्के. मग सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी कौन्सिलनं बिडीचं काय केलं? तिच्यावरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के ठरवला. आणि बिडी ज्या पानात वळतात त्या तेंदूपत्त्यावरचा १८ वरून ५. बिडी वळणाऱ्या बायकांचा रोजगार वाचावा म्हणून केलं असेल, तर मला ते पटतं. मध्यप्रदेशातल्या सागर, दमोहच्या घराघरांत त्या बायका सूप मांडीवर घेऊन बिड्या वळतात, बोटं सारखी चालू असतात. पण मग हा निर्णय रोजगाराचा आहे असं सांगा. त्याच बैठकीत सिगरेटवर आरोग्याच्या नावानं ४० आणि बिडीवर १८, ही दोन वाक्यं एका तोंडातून कशी निघतात?

आणि तिसरी बाजू आपल्या मध्यप्रदेशची. तेंदूपत्त्याचा व्यापार आपल्याकडे १९६४ च्या कायद्यानं सरकारनं स्वतःच्या हातात घेतला. जंगलातून पान तोडणारा आदिवासी ते सरकारी व्यवस्थेलाच देतो. पन्नास पानांची एक गड्डी, हजार गड्ड्यांचा एक मानक बोरा, म्हणजे पन्नास हजार पानं. २०२४ मध्ये त्या बोऱ्याचा दर ४,००० रुपये केला आणि मंचावरून त्याची घोषणा झाली. संग्राहकांना बोनसही मिळतो. ज्या सरकारचं पान बिडीवर गुंडाळलं जातं, तेच सरकार बिडी पिणाऱ्याला व्यसन सोड म्हणून सांगतं. केंद्राचंही तसंच. १९७६ पासून गुंटूरला टोबॅको बोर्ड आहे, तो वाणिज्य मंत्रालयाच्या हाताखाली तंबाखूची निर्यात वाढवण्यासाठी काम करतो. देशातल्या सगळ्यात मोठ्या सिगरेट कंपनीत एलआयसीचा वाटा कित्येक वर्षं १५ टक्क्यांच्या आसपास आहे. तुमच्या-माझ्या विम्याचे हप्ते त्यात आहेत.

म्हणून म्हणते, कर घ्यायचा तर घ्या, पण तो आरोग्यासाठी आहे असं गरिबाला सांगू नका. सांगायचंच असेल तर पैसा तिकडे वळवून दाखवा.

एका डॉक्टरसाहेबांची मोठी कॉमेंट आहे, तिला उत्तर देणं भाग आहे. ते लिहितात, भाव वाढला की खप कमी होतो, विशेषतः पोरांमध्ये, हे जगभर दिसलेलं आहे, आणि जागतिक आरोग्य संघटना तर किमतीच्या ७५ टक्के कर असावा म्हणते. डॉक्टरसाहेब, पहिलं वाक्य मला मान्य आहे. ज्या पोरानं अजून सुरुवात केलेली नाही त्याला महाग सिगरेट थांबवते. ज्याचं व्यसन तीस वर्षांचं आहे त्याच्या घरी काय होतं, ते मी पाहिलंय. माझे मामा हुकुमचंद मिलमध्ये होते. १२ डिसेंबर १९९१ ला मिल बंद पडली. कामगारांचे पैसे सुटले डिसेंबर २०२३ मध्ये, बत्तीस वर्षांनी. मधल्या काळात मामीनं दूध अर्धा लिटरवर आणलं, भाजी बाजार उठताना घ्यायला लागली, मोठ्याची शिकवणी बंद केली. बिडीचं बंडल तेवढंच राहिलं. मामा छातीच्या दुखण्यानंच गेले, पैसे यायच्या कितीतरी आधी. त्या घरात बिडी महाग झाली असती तर आणखी काय कमी झालं असतं, हे मला माहीत आहे, आणि म्हणून मी हा विषय सोडत नाही.

पोरांचं म्हणाल तर भंवरकुआंला संध्याकाळी जाऊन उभे राहा. कोचिंग सुटतं आणि पानाच्या गुमटीभोवती, म्हणजे टपरीभोवती पोरं जमतात. गुमटीला सुतळीनं लायटर टांगलेला असतो. मुलगा म्हणतो, “भिया, एक छोटी देना.” भैया गादीखालच्या पाकिटातून एक काडी, म्हणजे सुटी सिगरेट काढतो, पाकीट परत गादीखाली. ते ८५ टक्क्यांचं चित्र त्या मुलानं पाहिलंच नाही. व्यसन सोडण्यासाठीचा १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत नंबर पाकिटावर छापलेला असतो, तोही त्यानं पाहिला नाही. कर पैशांत वाढतो, पण सुट्या काडीचा भाव पूर्ण रुपयांत वाढतो, कारण सुटे पैसे कोणाकडेच नसतात. मधला फरक कुठे जातो ते तुम्हीच बघा. मुलगा काय करतो? मोठीवरून छोटीवर येतो, छोटीवरून बिडीवर, नाहीतर तंबाखूच्या पुडीवर.

पुण्याच्या एका दादांनी लिहिलंय की मग सुटी विक्रीच बंद करा, महाराष्ट्रानं २०२० मध्ये केली. केली, बरोबर आहे. मी बहिणीकडे कोथरूडला जाते तेव्हा कोपऱ्यावर सुटी मिळताना बघते.

बंदीवर विश्वास असणाऱ्यांनी तर आधी आपल्या राज्याचाच अनुभव बघावा. नव्या अन्नसुरक्षा नियमांखाली गुटख्यावर बंदी घालणारं देशातलं पहिलं राज्य मध्यप्रदेश. १ एप्रिल २०१२. त्या नियमांत खाण्याच्या पदार्थात तंबाखू-निकोटिन मिसळायला मनाई आहे, त्या आधारानं. मग काय झालं? पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी, अशा जोडीनं विकायला लागले. आजही राजवाड्याजवळ कुठल्याही गुमटीवर बघा. गिऱ्हाईक दोन्ही पुड्या दातानं फाडतं, लहान पुडी मोठीत ओततं, पुडीचं तोंड मुठीत धरून चार वेळा हलवतं, की झाला गुटखा तयार. मिसळायचं काम तेवढं कारखान्यातून गिऱ्हाइकाच्या मुठीत आलं. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानंही या जोडपुडीची दखल घेऊन बंदी नीट पाळायला सांगितलं. पुड्या लटकतायत.

भूतानचं उदाहरण मला तुम्हीच पाठवता, ‘बघा, छोटासा देश, पूर्ण बंदी केली’ म्हणून. २००४ मध्ये तिथं तंबाखूच्या विक्रीवर बंदी आली. २०१० च्या कायद्यात तुरुंग आला, आणि पुढच्याच वर्षी चघळायच्या तंबाखूपायी एका तरुण भिक्षूला तीन वर्षांची शिक्षा झाली. माल आपल्या सीमेवरून चोरून जातच राहिला. कोरोनात त्या चोरट्या ये-जा करणाऱ्यांबरोबर रोगही येईल अशी भीती वाटली, आणि २०२१ मध्ये भूताननं स्वतःच विक्री पुन्हा खुली केली. सतरा वर्षांचा अनुभव आहे तो, तोही इतक्या छोट्या देशाचा.

एका ताईंनी विचारलंय, मग तुम्हाला हवंय तरी काय? बंद जागेतली बंदी राहू द्या, आणि तीस खोल्यांची सवलत काढा. मुलांना विकणाऱ्यावर खरीखुरी कारवाई करा. तंबाखूच्या करातला ठरलेला हिस्सा व्यसन सोडवणाऱ्या केंद्रांना आणि कॅन्सरच्या उपचाराला कायद्यानं बांधून द्या, दरवर्षी हिशेब छापा. बिडी कामगारांना दुसरं काम उभं करा, नुसता कर कमी करून त्यांना त्याच धुळीत ठेवू नका. आणि प्रौढ माणूस स्वतःच्या घराच्या ओट्यावर बसून जे ओढतो, त्याच्यासाठी तुरुंग आणि दंड नको. त्याला समजवा, मदत करा, आणि नाही ऐकलं तर तो त्याचा निर्णय.

पुढच्या भागात तेंदूपत्त्याचा पूर्ण हिशेब घेणार आहे. बैतूल, हरदा, बालाघाटकडचे कोणी बघत असाल आणि घरात कोणी पत्ता तोडायला जात असेल, तर गेल्या हंगामात बोऱ्यामागे हातात किती आले आणि बोनस कधी आला, ते खाली लिहा. पत्ता घेणाऱ्या समितीची पावती असेल तर नाव-नंबर झाकून फोटो पाठवा.